राखेची काच आणि मडक्याचा विटाळ

जपानच्या बिवा सरोवराच्या दक्षिणेला, डोंगराळ भागात, शिगाराकी नावाचे गाव आहे. तेथील पाच-सहाशे वर्षांपूर्वीचे रांजण आज जगातल्या मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. मुळात ते शेतकऱ्याच्या घरचे. कुणी त्यांत बियाणे ठेवले, कुणी पाणी भरले. अंगाने खडबडीत, मातीतले पांढरे खडे वर आलेले, बेढब म्हणावेत असे. पण त्यांच्या एका बाजूच्या खांद्यावर हिरवट काचेचा थर बसलेला असतो आणि तो ओघळत पोटापर्यंत आलेला असतो. ही काच कुंभाराने लावलेली नाही. भट्टीतल्या लाकडाची राख जाळाबरोबर उडाली, मडक्याच्या खांद्यावर बसली आणि तिथेच वितळून तिची काच झाली.

दलित विचाराच्या पानांवर जपानी मडक्यांचे काय काम, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की मडके ही वस्तू आपल्याकडे कधीच नुसती वस्तू नव्हती. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याला गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडून कोणाला बाधू नये, ही गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात नोंदवली आहे. ते मडके कुंभाराच्याच चाकावर उतरले होते आणि कुंभाराच्याच आव्यात भाजले होते. ज्या मडक्यात एका घरी पाणी होते, तेच दुसऱ्याच्या गळ्यात थुंकीसाठी होते. माती तीच, हातही तोच. तेव्हा मडक्याचा इतिहास हा केवळ कलेच्या अभ्यासकांचा विषय नाही, तो आपला विषय आहे. आणि आपले मडके जपानी मडक्याशेजारी ठेवून पाहिले की काही प्रश्न असे पडतात, जे एरवी पडत नाहीत.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. राख त्यांच्याकडे होती, राख आपल्याकडेही होती. मग त्यांच्या राखेची काच झाली आणि आपल्या राखेची राखच का राहिली?

याचे पहिले उत्तर विस्तवात आहे. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असते, मातीत सिलिका म्हणजे वाळूचा अंश असतो. ही द्रव्ये १२०० अंश सेंटिग्रेडच्या वर एकत्र तापली की वितळून एकजीव होतात आणि थंड होताना काच बनते. एवढी उष्णता उघड्या आव्यात येत नाही. पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियातून जपानमध्ये गेलेल्या कारागिरांनी तिकडे एक नवी भट्टी नेली. 'आनागामा' तिचे नाव. डोंगराच्या उतारात बसवलेला हा एक लांबट बोगदा असतो. खालच्या तोंडाशी जाळ, वरच्या टोकाशी धुराडे, आणि मधल्या पोकळीत मडकी रचलेली. उतारामुळेच हवेला ओढ मिळते आणि जाळ मडक्यांच्या अंगावरून धावत जातो. पाइनचे लाकूड रात्रंदिवस घालायचे, चार-चार, आठ-आठ दिवस, क्वचित त्याहूनही अधिक. पाळ्या लावून माणसे जागतात. मडक्याची जी बाजू जाळाकडे असेल तिच्यावर राख जास्त बसते, मागची बाजू कोरडी राहते. कोणत्या मडक्यावर काय उतरेल हे भट्टी उघडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसते. राखेच्या काचेचा जो थेंब ओघळता ओघळता गोठतो त्याला जपानी लोक 'बिदोरो' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत काचेला 'विद्रो' म्हणतात. ज्या जहाजांनी आपल्याला बालदी आणि घमेले हे शब्द दिले त्यांनीच तिकडे हा शब्द उतरवला.

पुढे, नवव्या शतकाच्या आगेमागे, आजच्या नागोया शहराजवळच्या सानागे येथील भट्ट्यांत कुंभारांनी आपण होऊन राख पाण्यात कालवून मडक्यांना लावायला सुरुवात केली. अपघाताने जे घडत होते ते त्यांनी हाताशी घेतले. सेतो येथील कामगारांनी हे तंत्र पुढे वाढवले. शिगाराकी, बिझेन, तांबा, एचिझेन, तोकोनामे या इतर जुन्या केंद्रांनी मात्र शतकानुशतके झिलई न लावता, जी राख आपोआप बसेल तीच खरी, असे काम चालू ठेवले. तांदळाच्या पेंढ्याची राख वापरली तर झिलई दुधासारखी पांढरट येते, कारण पेंढ्यात सिलिका फार. ऊस हीही गवताच्याच कुळातली वनस्पती आहे आणि बगॅसच्या राखेतही सिलिका भरपूर असते. आमच्या श्रीगोंदे तालुक्यात साखर कारखान्यांच्या बॉयलरखालून निघणाऱ्या राखेकडे पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. पण ते असो.

आता आपल्याकडे वळू. श्रीगोंद्याच्या पश्चिमेला घोड नदी आहे. पलीकडे पुणे जिल्ह्याचा शिरूर तालुका, आणि त्यात नदीकाठी इनामगाव. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या संशोधकांनी तेथे उत्खनन केले. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० पर्यंत या ठिकाणी शेतकऱ्यांची वस्ती होती. तेथे मडकी भाजण्याची भट्टी सापडली. तेथील मुख्य खापरांना 'जोर्वे' खापरे म्हणतात. जोर्वे हे गाव आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, प्रवरेकाठी. ही भांडी चाकावर घडवलेली, पातळ अंगाची, तांबूस रंगावर काळ्या रेघांची. इतकी पक्की भाजलेली की नखाने वाजवली तर धातूसारखा नाद येतो. त्यांना लांब तोट्या आहेत, पोटाला कोन आहेत. तीन हजार वर्षांपूर्वी ज्या माणसाने हे घडवले त्याच्या हाताला कोणत्याही देशातल्या कुंभाराने मान द्यावा.

याच इनामगावात लहान मुलांची दफने सापडली आहेत. दोन मडकी आडवी ठेवून, तोंडाला तोंड लावून, त्यांत मूल ठेवलेले, आणि तेही घराच्या जमिनीखालीच. मेलेल्या मुलाला घराबाहेर काढले नाही, मडक्यात घालून घरातच ठेवले. म्हणजे त्या काळी मडके हे विटाळाचे पात्र झालेले नव्हते, असा तर्क करण्याचा मोह होतो. खापरांवरून माणसांच्या मनातले सर्व काही वाचता येते असे मी मानत नाही. परंतु मृत्यूने स्पर्श केलेले मडके घराच्या उंबऱ्याआत ठेवायला ही माणसे भीत नव्हती, एवढे तर दिसतेच.

जोर्वेच्या कुंभाराचे कौशल्य एवढे होते, तर पुढच्या तीन हजार वर्षांत खेड्यातले मडके काचेच्या थरापर्यंत का पोचले नाही? येथे घाईने जातिव्यवस्थेकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण इतिहासाच्या शिक्षकाने आधी माती पाहिली पाहिजे. दख्खनची माती बेसाल्टची. तिच्यात लोह आणि चुना अधिक. ती फार तापवली तर भांडे पक्के होण्याऐवजी मऊ पडून बसते. शिगाराकीची माती मोठा विस्तव सोसते, आमची सोसत नाही. दुसरे कारण सरपणाचे. आठ दिवस भट्टी पेटती ठेवायला डोंगर भरून झाडी लागते. आमच्या अवर्षणाच्या पट्ट्यात कुंभार गोवऱ्या, पाचट, काट्याकुट्या यांवर आवा लावतो आणि तो एका रात्रीत विझतो. तिसरे कारण उन्हाचे. झिलई न लावलेल्या माठातून पाणी झिरपते म्हणूनच ते गार राहते. एप्रिल-मे महिन्यात श्रीगोंद्यात राहिलेला माणूस या कारणाला हसणार नाही.

ही तिन्ही कारणे खरी आहेत. पण ती पुरी पडत नाहीत. कारण झिलई या देशाला माहीत नव्हती असे नाही. देवगिरीचा चांदमिनार पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीनाने बांधला, त्याला रंगीत चकचकीत फरशा जडवलेल्या होत्या. बीदरला महमूद गावानचा मदरसा १४७२ चा, त्याच्या भिंतींवर अजूनही निळ्या फरशांचे तुकडे आहेत. अशा झिलईला १२०० अंशांचा विस्तव लागत नाही, शिसे किंवा खार घातला की कमी आचेवरही काच उतरते. म्हणजे तंत्र दख्खनमध्ये आलेले होते. ते मिनारावर चढले, महालात गेले. झोपडीतल्या मडक्यावर ते उतरले नाही. का उतरले नाही, या प्रश्नाचे उत्तर मातीत सापडत नाही. ते समाजात शोधावे लागते.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. धातूचे भांडे राख, पाणी आणि माती यांनी घासले की शुद्ध होते. मातीचे भांडे पुन्हा भाजले तर शुद्ध होते. मद्य, मलमूत्र, रक्त अशा पदार्थांचा स्पर्श झाला तर पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही. व्यवहारात कोणी मडके पुन्हा भाजत बसत नाही. ते फोडले जाते. ग्रहण झाले, सुतक आले, विटाळ झाला की मडकी फोडायची आणि नवी आणायची. मातीचे भांडे सच्छिद्र, ते आत शोषून घेते, म्हणून त्याचा विटाळ जात नाही, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. वरवर ती आरोग्याचीही वाटते.

या नियमाचा कुंभारावर काय परिणाम झाला असेल ते पाहा. ज्याचे भांडे टिकण्यासाठी नाही तर फुटण्यासाठी आहे, तो ते टिकाऊ कशाला करील? त्र्यं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या आहेत, त्यांत कुंभार मधल्या ओळीत येतो. याद्या सर्वत्र सारख्या नाहीत, परंतु व्यवस्था सारखीच. कुंभाराने वर्षभर गावाला मडकी पुरवायची. संक्रांतीला सुगडे, लग्नाला ऐरण्या, मेलेल्याच्या पुढे न्यायला मडके, हे सर्व त्याने द्यायचे. आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून ठरलेले धान्य न्यायचे. मडके चांगले झाले म्हणून बलुते वाढत नाही, वाईट झाले म्हणून घटत नाही. नवी भट्टी बांधावी, लांबून माती आणावी, दोन वर्षे प्रयोग करावा, असे म्हणायला त्याच्यापाशी ना भांडवल, ना कारण. त्याचे कौशल्य जातीने त्याच्या हाती दिले आणि जातीनेच तिथे गोठवले. माझे मत असे की आपल्या मडक्यावर राख वितळली नाही याचे एक मोठे कारण हे आहे. एकमेव कारण म्हणत नाही.

पण मनूच्या भांडेशास्त्राची दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांच्यासाठी एक शब्द आला आहे, 'अपपात्र'. ज्याने वापरलेले भांडे कोणत्याही उपायाने शुद्ध होत नाही, तो अपपात्र. त्याने गावाबाहेर राहावे आणि फुटक्या भांड्यांत जेवावे, अशी तिथे आज्ञा आहे. म्हणजे येथे भांड्यावरून माणूस ओळखला जातो. धातू असला तरी राखेने सुटका नाही, माती असली तरी विस्तवाने सुटका नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात हे लिहिलेले होते. त्याआधी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब व त्यांचे सहकारी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करण्यासाठी १०८ मडक्यांचा विधी केला आणि शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात मिसळले. मडके येथे विटाळ घालवणारे झाले! जे स्वतः कधी शुद्ध होत नाही ते तळे शुद्ध करू शकते, यातली विसंगती त्या मंडळींना जाणवली नाही, कारण प्रश्न मडक्याचा नव्हताच.

आता पुन्हा जपान. फुटक्या भांड्याची तिकडे वेगळीच कहाणी आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू आणि त्याच्या आगचेमागचे चहाचे आचार्य यांनी चिनी झुळझुळीत भांडी बाजूला सारली आणि शेतकऱ्याघरचे खडबडीत रांजण चहाच्या खोलीत आणले. त्यांत पाणी ठेवू लागले. साधेपणा, जीर्णता, अपुरेपणा यांत सौंदर्य आहे असे त्यांनी सांगितले. शिगाराकीच्या शेजारच्या इगा गावातला एक पाण्याचा घट भट्टीत तडकला, वाकडा झाला, राखेने माखला. त्याचे नाव 'फाटकी पिशवी' असे पडले आणि आज तो जपानचा संरक्षित सांस्कृतिक ठेवा आहे. तडकलेला पेला लाखेने सांधून सांध्यावर सोन्याची भुकटी लावायची, हीही तिकडची रीत.

अलीकडे आपल्याकडचे सुशिक्षित लोक या सोनेरी सांध्याच्या गोष्टीवर फार भाळलेले दिसतात. भाळायला हरकत नाही. पण तडकलेला घट सरदाराच्या हाती असेल तर ती अभिरुची ठरते, आणि फुटके गाडगे महारवाड्यात असेल तर ती मनूची आज्ञा ठरते, हा फरक विसरून चालणार नाही. दारिद्र्याचे सौंदर्य ज्याला दारिद्र्य निवडता येते त्यालाच दिसते. ज्या शेतकऱ्याने तो रांजण आपल्या घरात ठेवला होता त्याने तो सुंदर म्हणून ठेवला नव्हता. त्याच्यापाशी दुसरा नव्हता.

जपानचा कुंभार आमच्या कुंभारापेक्षा स्वतंत्र होता असेही समजू नये. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या, आणि परतताना त्याच्या सरदारांनी तिथले कुंभार पकडून आणले. इतिहासकार या लढायांना 'मडक्यांची लढाई' असेही म्हणतात. सात्सुमाच्या शिमाझू सरदाराने आणलेल्या कोरियन कुंभारांना नाएशिरोगावा या गावात वसवले. त्यांनी कोरियन नावे, कोरियन वेष सोडू नयेत, जपान्यांत मिसळू नये, असा त्यांच्यावर निर्बंध होता, आणि तो पिढ्यानपिढ्या चालला. धंदा ठरलेला, वस्ती ठरलेली, ओळख ठरलेली. आपल्या वाचकांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. आरिता येथे चिनी मातीच्या भांड्यांना लागणारा दगड सापडला, ते श्रेय १६१६ च्या सुमारास ई साम-प्याँग या कोरियन कुंभाराला दिले जाते. तिकडे त्याचे स्मारक आहे. त्याच्याबरोबर आलेल्या बाकीच्यांची नावे मातीत गेली.

आणि ज्यांना चहाच्या खोलीत कधीच प्रवेश नव्हता असा एक वर्ग जपानमध्येही होता. कातडे कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे 'एता'. त्यांच्याशी खाणेपिणे टाळले जाई, सोयरीक होत नसे, वस्ती वेगळी असे. १८७१ साली सरकारने फर्मान काढून हा भेद कायद्याने संपवला. समाजाने संपवला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योटो येथे या लोकांनी 'सुइहेइशा' म्हणजे समतल करणाऱ्यांचा संघ स्थापन केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२४ मध्ये, मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या दोन घटनांचा परस्परसंबंध होता असे मला म्हणायचे नाही. पण ज्या काळात या दोन्ही चळवळी उभ्या राहत होत्या नेमक्या त्याच काळात जपानच्या मातीकामाला त्याचा तत्त्वज्ञ मिळाला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

हा तत्त्वज्ञ म्हणजे यानागी सोएत्सू (१८८९–१९६१). नौदलातल्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा, उमरावांच्या शाळेत शिकलेला. हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो या कुंभार मित्रांबरोबर त्याने १९२५ च्या सुमारास 'मिंगेई' म्हणजे लोककारागिरी ही कल्पना मांडली आणि १९३६ साली टोकियोत तिचे संग्रहालय उघडले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : खरे सौंदर्य अनाम कारागिराच्या हातून येते. त्याला आपण काही सुंदर करतो आहोत याची जाणीव नसते, तो शेकडो वाट्या एकसारख्या करत जातो, आणि अहंकार नसल्यामुळेच त्याची वाटी सुंदर होते. क्योटोच्या एका मठात 'किझाएमोन' नावाची चहाची वाटी आहे, तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. यानागीने ती १९३१ साली हातात घेऊन पाहिली. त्याच्या मते ती मुळात कोरियातल्या गरिबाची भात खाण्याची वाटी होती.

यानागीविषयी न्यायाने बोलले पाहिजे. जपानने कोरिया गिळला होता त्या काळात हा माणूस कोरियनांच्या बाजूने लिहीत होता, आणि सोल येथील राजवाड्याचा दरवाजा पाडण्याविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले. ज्याला कोणी कारागीर म्हणूनही मोजत नव्हते त्याच्या वाटीपुढे त्याने मान तुकवली. एवढे आपल्याकडच्या किती कलासमीक्षकांनी केले? आमच्याकडे सौंदर्यशास्त्र लिहिणाऱ्यांना रांजण, माठ, सूप, वहाण यांत सौंदर्याचा प्रश्न आहे हेच दिसले नाही. चामड्याच्या बेतीव वहाणेविषयी मराठीत किती निबंध आहेत?

पण यानागीच्या विचारातली खोच येथेच आहे. कारागीर अनाम राहिला तो निरहंकारी होता म्हणून, की त्याचे नाव विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही म्हणून? अनामिकता हा सद्गुण आहे असे नाव असलेला माणूस सांगतो. यानागीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, रिक्यूचे ठाऊक आहे, वाटी जपणाऱ्या किझाएमोन नावाच्या व्यापाऱ्याचे नाव तर त्या वाटीलाच चिकटले आहे. घडवणाऱ्याचे मात्र नाही. आपल्याकडे ज्या कुंभाराचे नाव उरले ते तेरच्या गोरोबांचे, तेही अभंगांमुळे आणि भक्तीमुळे. त्यांनी थापटीने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके कोणते ते सांगितले ही आख्यायिका सर्वांना पाठ आहे. त्यांनी घडवलेले एकही मडके कुणी जपले नाही.

नावाच्या बाबतीत आमच्या गावाचीही एक गोष्ट आहे. श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. मालोजी भोसल्यांनी आपले धन ज्या शेष नाईक पुंडे सावकाराकडे ठेवले असे सांगतात तो चांभारगोंद्याचा. गोविंद नावाच्या एका चांभार भक्तावरून हे नाव पडले अशी परंपरा आहे. पुढे 'चांभार' गेला आणि 'श्री' आला. गावाची जीभ विटाळत होती, ती अशी धुतली गेली. याच गावात योगसंग्रामकार शेख महंमदांची समाधी आहे, आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात, याचा गावाला अभिमान आहे. तो असावाच. पण ज्या गोविंदावरून गावाला नाव मिळाले त्याची ओळख गावाच्या नावातून कशी पुसली गेली, हा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा बहुतेक मुलांना तो प्रथमच कळतो.

आता मूळ मुद्द्याचा शेवटचा धागा. मातीचे भांडे शोषून घेते म्हणून त्याचा विटाळ जात नाही, असे शास्त्र होते. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत झिलई केलेली भांडी आपल्या घरांत खऱ्या अर्थाने आली. लोणच्याची बरणी आली, कारण मीठ आणि आंबट धातूला खाते, काचेला खात नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईच्या कुंभारकामाची शाळा चालली. तिथल्या भांड्यांवर अजिंठ्याची चित्रे उतरली आणि ती साहेबांच्या दिवाणखान्यांत गेली. मग चिनी मातीची कपबशी आली आणि तिच्याबरोबर गावोगावी चहाची हॉटेले आली. कपबशी म्हणजे शिगाराकीच्या रांजणावरची ती काच, फक्त सर्वांगाला सारखी लावलेली. तिच्यात काही शोषले जात नाही. उकळत्या पाण्यात बुचकळली की ती स्वच्छ. मनूची उपपत्ती जर खरोखर मातीच्या छिद्रांविषयी असती तर कपबशी आल्याबरोबर विटाळ संपायला हवा होता.

प्रत्यक्षात काय झाले ते आमच्या मागच्या पिढ्यांनी पाहिले आहे. हॉटेलाबाहेर, कुडाला खुंटी मारून, किंवा वळचणीला, कान तुटलेले दोन-तीन कप वेगळे ठेवलेले असत. माझे आजोबा घोडकाठच्या गावातले. ते सांगत की चहा वरून ओतला जाई, किटलीचा आणि कपाचा स्पर्श होऊ नये म्हणून. पिऊन झाल्यावर कप स्वतःच विसळून पुन्हा तिथेच अडकवायचा. पैसे मात्र हातातून हातात नाही, फळीवर ठेवायचे. पैशाला विटाळ नव्हता. आमच्या घरी स्वतःची भांडी म्हणजे जर्मनच्या दोन थाळ्या आणि एक पितळी तांब्या. तो तांब्या आजी राखेने घासून लखलखीत ठेवी. राखेने धातू शुद्ध होतो म्हणणारा मनू त्या तांब्याला हात लावायला कधी आला नसता.

ही फुटक्या कानाची कपबशी म्हणजे दहाव्या अध्यायातले फुटके भांडेच. काचेचा थर असूनही. तिने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली : विटाळ भांड्याच्या अंगात कधीच नव्हता. शास्त्राने मातीवर ठेवलेला तो आरोप केवळ आरोप होता. तंत्र बदलले तरी तो एका वस्तूवरून उठून दुसऱ्या वस्तूवर बसला. यंत्रे आली, कारखाने आले की जात आपोआप विरघळेल असे मानणाऱ्यांनी या कपाकडे एकदा नीट पाहावे.

म्हणूनच कायद्याला भांड्यांचा उल्लेख करावा लागला. घटनेच्या १७ व्या कलमाने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केली. परंतु १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा करताना सार्वजनिक उपाहारगृहे, धर्मशाळा, सराया येथे लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे, असे चौथ्या कलमात वेगळे लिहावे लागले. १९७६ साली या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले आणि शिक्षा वाढल्या. त्याच दशकात बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावे लागले. कलम होते, पाणवठे दोनच होते.

गेल्या काही वर्षांत हमरस्त्यांवरच्या चहाच्या टपऱ्यांवर मातीचे कुल्हड दिसू लागले आहेत. २००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी गाड्यांमध्ये कुल्हड आणले तेव्हा त्यामागे कुंभारांना काम मिळावे हा हेतू सांगितला होता, आणि तो चांगलाच होता. आता मात्र मातीचा सुवास, जुना काळ, निसर्गाचे रक्षण अशा नावाने त्याचा चहा दुप्पट दराने विकला जातो. उत्तर हिंदुस्थानात कुल्हड एकदा पिऊन फोडण्याची रीत फार जुनी आहे, आणि कुणाच्या ओठाला लागलेले कुणाला लागू नये हा विचार तिच्या मुळाशी आहे, हे तो चहा पिणाऱ्याला सांगावे तर त्याला ते कडू लागते. कमी आचेवर भाजलेला, झिलई नसलेला, पुन्हा न वापरण्यासाठीच केलेला असा तो पेला असतो. नगर-दौंड रस्त्यावरच्या एका टपरीमागे मी त्यांचा ढीग पाहिला. फुटलेल्या खापरांचा कंबरभर उंचीचा ढीग होता. चौकशी केली तेव्हा कळले की माल ट्रकने परप्रांतातून येतो, यंत्रावर दाबून काढलेला. श्रीगोंद्याच्या कुंभारवाड्यातून एकही नाही.